तान्हं छातीशी, थोरला मोकाट: कॅरियर कसा निवडावा

माझा थोरला अडीच वर्षांचा. सारसबागेत हात सोडवून कधी धूम ठोकेल, नेम नाही. म्हणून मी धाकटीसाठी दोन्ही खांद्यांवर भार घेणारा कॅरियर, म्हणजे बाळाला अंगाशी बांधून घ्यायची पट्ट्यांची झोळी, निवडला. रिंग स्लिंग (कड्यांत अडकवून एका खांद्यावर घ्यायची कापडी झोळी) पटकन चढते, पण एकाच खांद्यावर ओढ येते.

आधी लेबलवर कमीत कमी वजन किती दिलंय ते बघा. तान्ह्याचं वजन त्याहून कमी असेल तर तो कॅरियर घेऊच नका. मग बाळाला घालूनच पाहा. गुडघे ढुंगणापेक्षा वर, मांड्यांना गुडघ्यापर्यंत आधार. नाक-तोंड उघडं आणि तुम्हाला सतत दिसणारं. हनुवटी छातीला टेकता कामा नये, श्वास कोंडू शकतो. मध्ये बोट मावलंच पाहिजे. यात तडजोड नाही.

पुण्याच्या एप्रिल-मेत जाड पॅडिंग नको, पातळ सुती बरं. पाठीमागचं बकल एकटीला लावता येतंय का, तेही दुकानातच बघा.

थोरल्याला उचलायला कमरेतून वाकू नका, गुडघे दुमडून खाली बसा, एक हात बाळाच्या मानेमागे. आणि कॅरियरमध्ये बाळ घेऊन स्कूटरवर बसायचं नाही, कोपऱ्यावरच्या डेअरीपर्यंतसुद्धा नाही.