गावात संशोधनाला जाताय? या चुका टाळा

गडचिरोलीत काम करायला आलेल्या नव्या संशोधकाचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: सॅम्पल किती घेऊ? परवानगी कुणाची घ्यायची, हे क्वचितच कुणी विचारतं. निम्मी कामं तिथेच फसतात.

सरपंचाचं पत्र म्हणजे गावाची परवानगी नव्हे. गट ग्रामपंचायतीत चार-पाच गावं असतात आणि सरपंच बहुधा दुसऱ्याच गावचा. आदिवासी (अनुसूचित) भागांसाठीच्या १९९६ च्या पेसा कायद्याने तिथल्या प्रत्येक गावाला स्वतःची ग्रामसभा दिली आहे, विचारायचं तिला. धानोरा तालुक्यात संशोधकांची एक तुकडी असंच पत्र घेऊन ऐन मोहाच्या हंगामात एका टोल्यावर, म्हणजे पाड्यावर, उतरली. पहाटेपासून मोह वेचून आलेल्या बाया अंगणात फुलं पसरत होत्या. मान वर न करता त्या प्रत्येक प्रश्नाला ‘हो’ म्हणत गेल्या. संध्याकाळपर्यंत सगळे फॉर्म भरले, पोरं खूश! नंतर पाहिलं तर ज्या घरी बैल नाही तिथेही बैलजोडी. पुढे ग्रामसभेत एका म्हाताऱ्याने विचारलं, “जंगलातून काय काय आणतो ते तुम्ही लिहून नेणार, उद्या आमच्या वनहक्काच्या दाव्याविरुद्ध तोच कागद कुणी पुढे केला तर?” याचं उत्तर तुकडीपैकी कुणाकडेच नव्हतं. सगळी माहिती बाद करावी लागली. मग ग्रामसभेनेच प्रश्न बदलले: ‘महिन्याचं उत्पन्न’ काढून मोह, तेंदू, धान असं हंगामवार विचारायचं ठरलं, आणि माणसं बोलू लागली.

त्याच तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाने २००९ मध्ये सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळवला. तिथे गावाचाच अभ्यास गट असतो, आणि निर्णय ग्रामसभेत सर्वसहमतीने होतात. घाईच्या माणसाला हे जड जातं. ज्याला घाई आहे त्याने ग्रंथालयात बसून होणारा विषय घ्यावा, असं मी स्पष्ट सांगते.

ग्रामसभेचा होकार मिळाला तरी प्रत्येक माणसाची संमती वेगळी घ्यायचीच. आयसीएमआरची (भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची) २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वंही हेच सांगतात.

तेंदूच्या हंगामात आणि धानाच्या रोवणीत मुलाखती ठेवू नका.

दुभाष्या बाहेरून आणू नका. नोंदी करायलाही गावातलीच माणसं घ्या; गावातल्या बायकांना ते जमणार नाही असं मानणं, हा तर निव्वळ अहंकार आहे. याच जिल्ह्यात डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने प्रशिक्षण दिलेल्या, बेताचं शिकलेल्या गावच्या बायकांनी नवजात बाळांचं वजन, ताप, श्वास तपासून नोंदी ठेवल्या, तो अभ्यास १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ या नामांकित वैद्यकीय नियतकालिकात छापून आला.

शेवटचं, अहवालाचं. तो आधी गोंडीतून ग्रामसभेत सांगायचा, मग छापायला द्यायचा. चुकलेला आकडा तिथे लगेच पकडला जातो. कुठली गोष्ट बाहेर जाऊ द्यायची नाही, हेही गावच ठरवतं. ही सभा झाल्याशिवाय मी कुणाच्याही प्रबंधाच्या मसुद्यावर सही करत नाही, मुदत उद्या संपत असली तरी.