खांद्याचा सांधा बदलण्याआधी

माझा धाकटा भाऊ चव्वेचाळीस वर्षांचा. बाइकवरून पडला आणि उजव्या दंडाचा वरचा गोळा चार तुकड्यांत मोडला. ऑपरेशनआधी आम्ही काय केलं आणि काय राहून गेलं, ते लिहितेय.

आधी सीटी स्कॅन घेऊन डॉक्टरांसमोर बसा आणि सरळ विचारा, प्लेट-स्क्रू लावून गोळा वाचेल का? या वयात शक्यतो स्वतःचाच सांधा वाचवतात. कृत्रिम सांधा झिजतो, सैल होतो आणि माणसाला अजून तीस-चाळीस वर्षं काढायची असतात. गोळ्याचा चुरा झाला असेल किंवा त्याचा रक्तपुरवठा तुटला असेल, तर मात्र बदलायची वेळ येते. मग अर्धा सांधा (फक्त गोळा बदलतात, वाटी स्वतःचीच राहते) की रिव्हर्स, हेही विचारा. अर्ध्यात स्नायू धरून ठेवणारे हाडाचे तुकडे नीट जुळावे लागतात, नाहीतर हात वर जात नाही. रिव्हर्समध्ये गोळा आणि वाटी जागा बदलतात आणि हात उचलायचा भार खांद्यावरच्या डेल्टॉइड स्नायूवर येतो. म्हणून त्या स्नायूची नस शाबूत आहे का, हे आधी बघून घ्या. ती नस बघायला बाहीवर बिल्ला लावतात त्या जागी कापूस फिरवला, तर भावाला कळतच नव्हतं. असं असेल तर ते केसपेपरवर लिहून घ्याच.

तंबाखू, सिगारेट आजच बंद. साखर तपासून घ्या. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर डॉक्टरांना सांगा, स्वतःच्या मनाने बंद करू नका. काखेतले केस घरी वस्तऱ्याने काढू नका, बारीक जखमांतून जंतू शिरतात.

घरची तयारी आम्ही हलक्यात घेतली. ऑपरेशनच्या दुसऱ्याच दिवशी पायजम्याची नाडी डाव्या हाताने सुटेना, तेव्हा भाऊ बाथरूममध्ये रडला. त्यामुळे इलॅस्टिकचे पायजमे आणि पुढून बटणांचे ढगळ शर्ट आधीच आणून ठेवा. पाण्याचा मग, मोबाइल, ब्रश डाव्या हाताने वापरायचा सराव आत्तापासून करा. पाठीशी उशा रचून अर्धवट बसल्यासारखं झोपायचं, कोपराखाली घडी केलेली चादर ठेवायची. भारतीय संडास असेल तर कमोडची खुर्ची आणा, कारण ऑपरेशन झालेल्या हातावर जोर देऊन उठायला सक्त मनाई असते.

विम्याची कॅशलेस मंजुरी लवकर टाका. सांध्याच्या खोक्यावरचं स्टिकर डिस्चार्ज कार्डावर चिकटवून घ्या, पुढे कधी सांधा पुन्हा बदलायचा झाला तर डॉक्टर तेच आधी मागतील. आणि फिजिओची पहिली तारीख घरी निघण्याआधीच घ्या.