साताऱ्यात चार घरांची एक ई-सायकल: कशी घ्यावी, कशी सांभाळावी

अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी उतरत्या जमिनीवर वसलेल्या साताऱ्यात पोवई नाक्याकडून राजवाड्याकडे साध्या सायकलने जाताना दम लागतो, म्हणून दोन किलोमीटरच्या कामालाही स्कूटर बाहेर निघते. ई-सायकल ही अडचण दूर करते. एकट्याला ती महाग वाटत असेल, तर एकाच इमारतीतल्या तीन-चार कुटुंबांनी मिळून ती घ्यावी, असे मी आग्रहाने सुचवीन.

घेताना मोटार २५० वॉटच्या आत, वेग ताशी २५ किलोमीटरच्या आत आणि सोबत चाचणी संस्थेचे प्रमाणपत्र आहे, हे पाहावे. अशा सायकलीला नोंदणी किंवा वाहन परवाना लागत नाही. गिअर आणि काढता येणारी बॅटरी मात्र हवीच.

३६ व्होल्ट आणि १० अँपिअर-तासांच्या बॅटरीत ३६० वॉट-तास, म्हणजे साधारण एक तृतीयांश युनिट वीज मावते. स्वार, सायकल आणि पिशवी मिळून १०० किलो वजन १०० मीटर उंच न्यायला किमान २७ वॉट-तास लागतात, आणि मोटारीत वाया जाणारी ऊर्जा धरली तर त्याहून बरेच अधिक. चाकातली मोटार चढावर फार हळू फिरू लागली की वीज तिला तापवण्यातच जाते. म्हणून चढ सुरू होण्याआधीच हलका गिअर टाकावा आणि पेडल मारणे थांबवू नये. यवतेश्वरचा घाट उतरताना दोन्ही ब्रेक थोडे थोडे, सोडून सोडून दाबावेत.

पुण्यात २०१७ नंतर आलेल्या भाड्याच्या सामायिक सायकलींना मोडतोड आणि चोरीचा मोठा फटका बसला. आपल्या सायकलीला राखणदार हवा, म्हणून दर महिन्याला एका घराने चावी, हवा, ब्रेक आणि हिशेबाची वही सांभाळावी. माझ्या मते भांडण पैशांवरून कमी आणि रिकाम्या बॅटरीवरून जास्त होते. तेव्हा चार्ज ३० टक्क्यांखाली गेला असेल, तर शेवटी वापरणाऱ्यानेच बॅटरी काढून घरी न्यावी, हा नियम पहिल्याच दिवशी वहीत लिहावा. बॅटरी थंड झाल्यावर, घरात कोणी जागे असताना, फरशीवर आणि दारापासून दूर ठेवून चार्ज करावी.

पावसाळ्यात सायकल ओल्या फडक्याने पुसावी, पाण्याचा जोरदार फवारा मारू नये. मोटारीचे चाक काढण्यासाठी लागणारा पाना पंक्चरच्या साहित्यासोबत सायकलीलाच बांधून ठेवावा.