जेवणानंतर पोट फुगणं, गुडगुडणं: साखर कमी केल्यावर थांबलं (माझा अनुभव)

लक्षण असं: दुपारच्या जेवणानंतर तासाभरात पोट नगाऱ्यासारखं टम्म, गुडगुड, गॅस, कधी पातळ शौचाला पळापळ. ओवा-सैंधव झालं, हिंगाष्टक झालं, ॲसिडिटीच्या गोळ्याही झाल्या. चहात साखरेऐवजी गूळ घातला, फरक शून्य. गुळातही बहुतांश सुक्रोजच, म्हणजे आपली नेहमीची साखरच. शुगर-फ्री गोळ्या चघळल्या तर वाढलंच, कारण त्यात साखरेऐवजी घातलेलं सॉर्बिटॉल नीट शोषलं जात नाही. जीव नुसता वैतागला होता.

उपयोग झाला तो या क्रमानं. आधी कोल्ड्रिंक आणि रसवंतीतला उसाचा रस पूर्ण बंद. बीड-लातूरकडं उन्हाळ्यात हेच सगळ्यात अवघड, पाहुणा आला की रस आलाच! पण पातळ गोड एकदम भरपूर गेलं की त्यातलं सगळं फ्रुक्टोज (साखर पचताना सुटणारा एक घटक) लहान आतड्यात शोषलं जाईलच असं नाही. उरलेलं मोठ्या आतड्यातले जिवाणू आंबवतात, गॅस तिथं होतो. मग चहातली साखर दर आठवड्याला अर्धा चमचा कमी. जागतिक आरोग्य संघटना वरून घातलेली साखर शक्यतो दिवसाला २५ ग्रॅमच्या आत ठेवा म्हणते, म्हणजे साधारण सहा छोटे चमचे. आपल्याकडं ते चहातच संपतात. पोट शांत झाल्यावरच ज्वारीची भाकरी आणि उसळ हळूहळू वाढवली. त्यातले तंतू (फायबर) एकदम वाढवले की उलट गॅस होतो. खात्रीसाठी पुन्हा मोठा ग्लास रस पिऊन पाहिला: संध्याकाळी गुडगुड हजर.

शौचात रक्त असेल किंवा वजन घटत असेल तर हे करत बसू नका, डॉक्टर गाठा.