कोरियन भाषकांना ‘सस्पेंड’ शिकवताना

इंग्रजी-कोरियन शब्दकोशात ‘सस्पेंड’समोर मेदालदा (टांगणे), जुंगदानहादा (मध्येच थांबवणे), बोर्यूहादा (निर्णय राखून ठेवणे) अशी रांग दिसते. ती पाठ करणारा विद्यार्थी वाक्यात हमखास नको तो अर्थ उचलतो. म्हणून आधी मूळ सांगा: लॅटिनमध्ये ‘सब’ म्हणजे खाली किंवा खालून, ‘पेन्देरे’ म्हणजे टांगणे. टांगलेली वस्तू टेकलेली नसते, पडलेलीही नसते. बाकीचे अर्थ याच अधांतरी अवस्थेतून निघाले.

कोरियनमध्येही हेच घडले आहे. चिनी मुळाच्या ‘ह्यॉन’चा अर्थ टांगणे. त्यावरून ह्यॉनसुग्यो (झुलता पूल), ह्यॉनसुमाक (टांगलेला कापडी फलक) आणि ह्यॉनान (प्रलंबित प्रश्न). आपल्या ‘प्रलंबित’ आणि ‘निलंबित’मध्येही लोंबणेच आहे. हे शब्द विद्यार्थ्याकडूनच काढून घ्या. १९७३ साली खुल्या झालेल्या नामहे पुलाचे चित्र दाखवले की पहिला लगेच येतो. मात्र ह्यॉनगुम (रोकड) यातला ‘ह्यॉन’ वेगळा. उच्चार तोच असला तरी हांजा, म्हणजे चिनी अक्षर, निराळे आहे. शंका आली की शब्दकोशात हांजा पाहायला लावा.

सर्वांत मोठा घोळ ‘सस्पेंड’ आणि ‘कॅन्सल’ यांत होतो. इथे वाहन परवान्याचे उदाहरण उत्तम चालते. दक्षिण कोरियात २०१९ पासून, दारू पिऊन गाडी चालवताना पहिल्यांदाच सापडलेल्या आणि अपघात न केलेल्या चालकाच्या रक्तात अल्कोहोल ०.०३ टक्के किंवा जास्त, पण ०.०८ पेक्षा कमी असेल तर परवाना ‘जॉन्गजी’ होतो, ०.०८ पासून पुढे ‘छ्विसो’. पहिल्यात मुदत संपली की परवाना परत मिळतो, तोच सस्पेंड. दुसऱ्यात तो रद्दच होतो. त्यासाठी इंग्रजीत ‘रिव्होक’ वापरतात.

पुढची चूक कर्मणी रचनेची. ‘विद्यार्थी सस्पेंडेड’ एवढेच लिहून ‘वॉज’ गाळला जातो. कोरियन क्रियापदाचा शेवट पाहायची सवय लावा: ‘हादा’ असेल तर कर्तरी, ‘द्वेदा’ किंवा ‘दांगहादा’ असेल तर बहुधा कर्मणी, म्हणजे ‘वॉज’ हवाच.

उच्चारात हंगुल, म्हणजे कोरियन लिपी, ‘सस्पेंड’ची चार अक्षरे करते, इंग्रजीत दोनच आहेत आणि जोर दुसऱ्यावर. शेवटच्या ‘ड’ला स्वर चिकटू देऊ नका.

शेवटी ‘पेंडंट’, ‘पेंडिंग’, ‘डिपेंड’ ही भावंडे एकत्र द्या. ‘सस्पेक्ट’ यात घालू नका. त्यातही ‘सब’ आहे, पण पुढचा धातू ‘पाहणे’ या अर्थाचा आहे.