डिझेल पिकपची बॅटरी बदलताय? नागपूरकरांनो, या चुका टाळा

डिसेंबरात पहाटे कळमन्याला माल भरायला निघायचं अन् गाडी नुसती टकटक करते, सेल्फ घेतच नाही. मग सगळे थंडीला शिव्या देतात अन् दुकान उघडलं की पहिली दिसेल ती बॅटरी उचलून आणतात. थंडीचा दोष अर्धाच आहे भाऊ. ती बॅटरी मेली मे महिन्यात, नवतप्यात, कळलं फक्त डिसेंबरात.

झालं काय ते सांगतो. बॅटरीच्या आत शिशाच्या प्लेटा अन् पातळ सल्फ्युरिक अ‍ॅसिड राहते, तापमान १० डिग्रीने वाढलं की आतली झीज साधारण दुपटीने होते. बाहेर ४५ असलं तर दुपारी वर्धा रोडच्या ट्रॅफिकमध्ये बोनेटखाली ६०-७० सहज होते. पाणी उडते, प्लेटा सडते, पण उन्हाळ्यात इंजिन ऑइल पातळ असते म्हणून अर्धमेली बॅटरीसुद्धा गाडी उचलून देते. थंडीत ऑइल जाड होते, बॅटरीची ताकदही कमी होते अन् डिझेल इंजिनला तर स्पार्क प्लग नाहीच, हवा दाबून दाबूनच तापवावी लागते, पेट्रोलमध्ये कॉम्प्रेशन १० ला १ च्या आसपास असते तर डिझेलमध्ये १६-१७ अन् जुन्या इंजिनात त्याच्याही वर, त्यात हीटर प्लग वेगळा करंट ओढते. तिथे बॅटरीची पोल उघडी पडते. म्हणून चेकिंग दिवाळीच्या आधी करून घ्या, गाडी बंद पडल्यावर नाही.

चूक: बॅटरीच गेली असं धरून चालणं

सगळ्यात जास्त पैसे इथेच जातात. नवीन बॅटरी टाकली, दोन महिने चालली, पुन्हा तेच, मग कंपनीला शिव्या. पुष्कळदा जुनी बॅटरी बरी असते, दोष दुसरीकडे असते.

एक साधा डिजिटल मल्टीमीटर घेऊन ठेवा, फार महाग येत नाही. गाडी रात्रभर उभी राहू द्या अन् सकाळी चावी लावायच्या आधी टर्मिनलवर व्होल्टेज पाहा. १२.६ किंवा वर म्हणजे फुल, १२.४ म्हणजे पाऊण, १२.२ म्हणजे अर्धी, १२ च्या खाली म्हणजे रिकामीच समजा. रात्रभर चार्जिंगला लावूनही १०.५ च्या आसपासच अडकली असेल तर बॅटरीतल्या सहा सेलपैकी, म्हणजे कप्प्यांपैकी, एक बसला, तिच्यावर आता खर्च करू नका. मग दुसऱ्याला सेल्फ मारायला सांगा अन् तेव्हा मीटर पाहा, चार्ज झालेली बॅटरी असून ९.६ च्या खाली पडते तर बॅटरी कमजोर आहे. चालू इंजिनवर १३.८ ते १४.५ दिसलं पाहिजे. १३ च्या खाली असेल तर अल्टरनेटर (चालू इंजिनवर बॅटरी चार्ज करणारा) किंवा त्याचा बेल्ट पाहा, १५ च्या वर असेल तर चार्जिंगचं व्होल्टेज आवरणारा रेग्युलेटर गेला, तो बॅटरी उकळवते अन् नवी टाकली तरी तिलाही उकळवेल.

अन् अर्थिंग, म्हणजे बॅटरीचा मायनस इंजिन-बॉडीला जोडणारी पट्टी, विसरू नका, पिकपमध्ये तर जास्तच, कारण पावसाळ्यात चिखल अन् डाल्यातल्या मालाचं पाणी खाली झिरपत राहते. मीटरची एक पिन बॅटरीच्या मायनसवर, दुसरी इंजिनच्या ब्लॉकवर स्वच्छ जागी लावा अन् सेल्फ मारा. अर्धा व्होल्टपेक्षा जास्त दिसला तर अर्थची पट्टी सडली आहे किंवा बोल्ट ढिला आहे. काही शेकड्यांत काम होते, बॅटरीला काही हजार जाते.

तिसरा चोर म्हणजे बंद गाडीत करंट पिणारं सामान. जीपीएस, एलईडी बार, अ‍ॅम्प्लिफायर, केबिनमधला पंखा, मोबाईल चार्जर, सगळं डायरेक्ट जोडून ठेवलेलं. गाडी लॉक करून अर्धा तास थांबा, मायनस केबल काढून मधात अ‍ॅम्पिअरवर लावलेला मीटर जोडा, साधारण ५० मिलीअ‍ॅम्पिअरच्या आत असलं पाहिजे. जास्त दिसलं तर एकेक फ्यूज काढून पाहा, कोणत्या फ्यूजला आकडा पडते ते कळते. फक्त मीटर असा लावलेला असताना सेल्फ मारू नका, नाहीतर मीटरचाच फ्यूज जाईल अन् तुम्ही मलाच बोलाल.

चूक: चालू गाडीत टर्मिनल काढून अल्टरनेटर चेक करणं

हे अजूनही काही मेकॅनिक करतात, गाडी बंद नाही पडली म्हणजे अल्टरनेटर ठीक. जुन्या मेकॅनिकल पंपाच्या गाडीत खपून जायचं, आता कॉमन रेल इंजिन आहे, डिझेल किती अन् कधी सोडायचं ते ईसीयू म्हणजे गाडीचा कॉम्प्युटर ठरवते. बॅटरी मधातून निघाली की व्होल्टेज एकदम उसळते अन् ईसीयू किंवा अल्टरनेटरचे डायोड उडू शकते. हात धरून थांबवा त्याला. तसंच डाल्याचं वेल्डिंग करायचं असेल तर आधी बॅटरीचा मायनस काढायला सांगा, वाडीत काय कामठी रोडवर काय, बॉडीवाले स्वतःहून काढतीलच असं नाही.

धक्का स्टार्टचंही तेच. बॅटरी पूर्ण झोपली असेल तर कॉमन रेल गाडी हमालांनी कितीही ढकलली तरी उठत नाही, ईसीयू अन् इंजेक्टरला करंटच नाही तर डिझेल जाणार कुठून.

चूक: फक्त एएच विचारून बॅटरी घेणं

"भाऊ, ८० ची द्या." एवढंच बोलून लोकं बॅटरी घेऊन जाते. एएच (अ‍ॅम्पिअर-अवर) म्हणजे टाकी किती मोठी, सीसीए (कोल्ड क्रँकिंग अ‍ॅम्प्स, थंडीत सेल्फला किती करंट देते तो आकडा) म्हणजे नळ किती मोठा. डिझेलला सेल्फ मारताना थोड्या वेळात शेकडो अ‍ॅम्पिअर लागते, तेव्हा सीसीए कामाला येते. हा आकडा उणे १८ डिग्रीवर मोजलेला असते, आपल्याकडे तेवढी थंडी कधीच पडत नाही, पण दोन बॅटऱ्यांची तुलना करायला तो उपयोगी आहेच. गाडीच्या हँडबुकमध्ये किंवा जुन्या ओरिजिनल बॅटरीवर जे लिहिलं आहे त्याच्या खाली जाऊ नका.

पण सीसीए जितका जास्त तितकं चांगलं असंही नाही, हे दुकानदार सांगत नाही. त्याच डब्यात जास्त सीसीए काढायचा तर पातळ प्लेटा जास्त कोंबाव्या लागते, अन् पातळ प्लेट उन्हात लवकर सडते. नागपूरसाठी मी तरी कंपनीने सांगितलेल्या आकड्याच्या थोडी वर, पण जाड प्लेटांची, वजनाला भारी बॅटरी पसंत करीन. एकाच साइजच्या दोन बॅटऱ्या हातात उचलून पाहा, भारी ती घ्या. शिसं खोटं बोलत नाही.

मोठ्या एएचची टाकली तर सेल्फ जळते, हा गैरसमज आहे. सेल्फ त्याला पाहिजे तेवढाच करंट ओढते. अडचण दुसरी आहे, दिवसभर कॉटन मार्केट ते इतवारी असं थांबत थांबत चालणाऱ्या गाडीत मोठी बॅटरी कधी फुल चार्जच होत नाही, अन् सतत अर्धवट राहिलेली बॅटरी सल्फेट होऊन, म्हणजे प्लेटांवर कडक थर बसून, मरते. बुटीबोरी, अमरावतीच्या लाँग फेऱ्या असतील तर चालून जाईल.

चूक: टर्मिनलची बाजू अन् डब्याचा साइज न पाहणं

बॅटरीच्या नंबरात शेवटी एल किंवा आर असते, म्हणजे प्लस कोणत्या बाजूला. चुकीची आणली तर केबल पोचत नाही, मग कोणी केबल ताणते, कोणी बॅटरी उलटी फिरवून बसवते अन् घाईत प्लस-मायनस उलटं लागून जाते. एका ठिणगीत अल्टरनेटरचे डायोड, फ्यूज, कधी ईसीयूसुद्धा. जुन्या बॅटरीचा वरून मोबाईलवर फोटो काढा अन् तो घेऊन दुकानात जा. लांबी, रुंदी, उंची, टर्मिनल जाड का बारीक, खाली पकडायची पट्टी कुठे आहे, सगळं त्यात आलं.

उंचीचं खास सांगतो, उंच बॅटरीचा टर्मिनल बोनेटला टेकला तर सरळ शॉर्ट. अन् क्लॅम्प नाही म्हणून सायकलच्या ट्यूबने बांधणारे आपल्याकडे कमी नाहीत. खड्ड्यात बॅटरी उसळली की प्लेटांवरचं मटेरियल गळून तळाला बसते अन् सेल शॉर्ट होते. पाचशेच्या आतली पट्टी वाचवायला हजारोंची बॅटरी मारायची, काहून?

चूक: घरची इन्व्हर्टरची लावणं

एका ओळीत, नका लावू. ट्यूब्युलर बॅटरी हळूहळू तासन् तास करंट द्यायला बनली आहे, झटक्यात शेकडो अ‍ॅम्पिअर द्यायला नाही, अन् उभी इतकी असते की बसणारही नाही.

दोन बॅटऱ्यांच्या २४ व्होल्टच्या ट्रकचं थोडं वेगळं. तिथे एकच बदलू नका, जोडीच बदला, एकच कंपनी अन् एकच साइज. म्युझिकसाठी एकाच बॅटरीतून १२ व्होल्ट काढू नका, ती सतत उपाशी अन् दुसरी ओव्हरचार्ज. आपल्या पिकपला बहुतेक एकच १२ व्होल्टची असते, म्हणून इथेच थांबतो.

चूक: दुकानात पडून राहिलेली बॅटरी घेणं

नवी बॅटरीसुद्धा ठेवल्या ठेवल्या आपोआप उतरत राहते, अन् गोदाम उन्हात तापलेलं असेल तर लवकर. बनवल्याची तारीख वाचा, कोड समजत नसेल तर दुकानदाराकडून बिलावर लिहून घ्या. तीन-चार महिन्यांच्या आतली असेल तर उत्तम. मीटर लावा, १२.५ च्या खाली असेल तर आधी चार्ज करून द्या म्हणा. दुकानात अ‍ॅसिड भरून देणार असतील तर भरल्या भरल्या लावू नका, पहिलं चार्जिंग नीट होऊ द्या, इथे घाई केली की बॅटरी जन्मभर कमजोर राहते.

सील्ड बॅटरीवरचा हिरवा डोळा पाहून लोकं निश्चिंत होते. तो डोळा फक्त एकाच सेलचं सांगते, बाकीच्या पाचांचं नाही. मीटरच खरा.

चूक: पाण्याच्या नावाखाली काहीही टाकणं

झाकणाची बॅटरी असेल तर एप्रिल ते जून दर पंधरा दिवसांनी लेव्हल पाहा, प्लेटा उघड्या पडल्या तर तेवढा भाग कायमचा गेला. फक्त डिस्टिल वॉटर. नळाचं नाही, आरओचं नाही, अन् अ‍ॅसिड तर अजिबात नाही, कारण उडते ते पाणी, अ‍ॅसिड आतच राहते. टर्मिनलवर पांढरी-निळी बुरशी आली तर खायच्या सोड्याच्या पाण्याने धुवा, सुकवा, घट्ट करा अन् वरून व्हॅसलिन. धुताना झाकणं बंद ठेवा, सोडा आत गेला तर सत्यानाश. काढताना आधी मायनस, बसवताना शेवटी मायनस, म्हणजे पाना बॉडीला लागला तरी ठिणगी नाही.

चूक: वॉरंटी कार्ड न वाचणं अन् जुनी बॅटरी फुकट सोडणं

पिवळ्या पाटीच्या गाडीला बऱ्याच कंपन्या खासगी गाडीपेक्षा कमी महिने वॉरंटी देते. दुकानदार तोंडाने जे महिने सांगते ते अन् कार्डवरचे महिने वेगळे असू शकते, म्हणून कार्ड वाचा. त्यात किती महिने फुकट बदलून मिळेल अन् किती महिने फक्त वापरानुसार डिस्काउंट, हे दोन वेगळे आकडे असते. कार्डवर तारीख, सिरियल नंबर, गाडी नंबर, शिक्का, सगळं तिथेच भरून घ्या, नंतर कोणी भरत नाही.

जुनी बॅटरी फुकट सोडून येऊ नका, तिच्यात शिसं आहे, भाव आहे, दोन दुकानांत एक्सचेंजचा रेट विचारा अन् तो बिलात वजा दिसला पाहिजे. भंगारवाल्याला देऊ नका, तो अ‍ॅसिड नालीत ओतते. २०२२ च्या बॅटरी वेस्ट मॅनेजमेंट नियमांप्रमाणे जुनी बॅटरी परत गोळा होऊन रिसायकल व्हायची जबाबदारी बनवणाऱ्यावर आहे, म्हणून विकणाऱ्या दुकानातच ती जमा करा.