नर्सरी वेगळी की शाळेतलीच? अॅडमिशनआधी या चुका टाळा

मे महिन्यात शाळा बघून फी भरून टाकणं ही पहिली चूक, आणि बहुतेक सगळे तेच करतात. मेमध्ये काय, अंगण कोरडं, भिंतीवर रंगीत चित्रं, मॅडम हसतायत, झालं. त्याच जागी जुलैमध्ये जाऊन बघा. पत्र्यावर पाऊस सुरू झाला की बाईंचा आवाज पोरांना ऐकू येतो का, बाथरूमच्या वाटेवर शेवाळ आहे का, भिजलेले कपडे बदलायला मावशी आहे का, आणि वाटेतल्या वहाळाला (ओढ्याला) पाणी आलं की पोरांना कुठून आणतात. आपल्याकडे कोकणात शाळा जूनच्या मध्यावर सुरू होते, म्हणजे तीन वर्षांचं पोर पहिल्यांदा घराबाहेर पडतं तेच धो धो पावसात. त्यामुळे पुढच्या वर्षी घालायचं असेल तर याच पावसाळ्यात एक चक्कर मारा, आणि नाहीच जमलं तर तिथे जाणाऱ्या पोरांच्या आयांना विचारा, ऑफिसात नको.

दुसरी चूक वयाची, ही नंतर महागात पडते. महाराष्ट्रात ३१ डिसेंबरपर्यंत नर्सरीला ३ आणि पहिलीला ६ वर्षं पूर्ण लागतात. समजा पोरगी जानेवारी २०२४ची आहे. "हुशार आहे" म्हणून तिला जून २०२६ला नर्सरीत बसवलं, तर २०२९ला सिनिअर केजी संपवून ती पहिलीच्या दारात उभी, पण ३१ डिसेंबर २०२९ला सहा पूर्ण नाहीत. मग परत सिनिअर, मैत्रिणी पुढे. छोट्या खाजगी नर्सऱ्या वयाचं फार बघत नाहीत, त्यामुळे हा हिशोब आपणच घरी करायचा, पहिलीपासून उलटा.

"शाळेच्या नर्सरीत घातलं की पहिली फिक्स" हे पण धरून चालू नका. पहिलीत थेट जाता येतं का, बाहेरून येणाऱ्यांसाठी ज्युनिअरला किंवा पहिलीला जागा असतात का, हे विचारा आणि जमलं तर लेखी घ्या. जागा मिळत असतील तर तीन वर्षांच्या पोराला त्याच शाळेत कोंबायची घाई कशाला?

माझं स्पष्ट मत, नर्सरीचं वर्ष घराजवळ काढावं. गावातून कुडाळ, चिपळूण गाठायला व्हॅनमध्ये पाऊण तास जायला, पाऊण तास यायला, आणि मधे तीन तास शाळा, पोर घरी येतं ते झोपलेलंच. जवळच्या अंगणवाडीला "तिथे नुसती खिचडी" म्हणून नाक मुरडू नका, सेविका चांगली असेल तर गाणी, गोष्टी, खेळ सगळं होतं (नसेल तर नाही होत, हेही खरं, म्हणून तासभर बसून बघा). आणि गावातल्या बालवाडीचं म्हणाल तर बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडकांनी १९४५ साली तो प्रयोग सुरू केला तो आपल्याच किनाऱ्यावर, पालघरकडच्या बोर्डीला. २०२०च्या नव्या शैक्षणिक धोरणातही तीन ते सहा वयाला खेळातूनच शिकवा असं सांगितलंय, त्यामुळे नर्सरीत रोज पानभर एबीसीडी गिरवून घेणारी जागा, मग ती कितीही मोठ्या शाळेची असो, मी तरी टाळेन.

बाईंना घरची बोली कळते का हेही बघा हं. पोर "माका घराक जावचा" म्हणून रडतंय आणि बाई इंग्लिशमध्ये समजावतायत, असं पहिल्या महिन्यात तरी नको.

आता घातल्यावर अडलं तर. दारात रडतं आणि आत जाऊन खेळतं, हे नॉर्मल आहे, गणपतीच्या सुट्टीनंतर हे परत सुरू होतं, लगेच शाळा बदलू नका. पण खाणं तुटलं, सुटलेलं अंथरूण ओलं करणं परत सुरू झालं, किंवा एकाच माणसाला बघून पोर घाबरतंय, तर वाट बघू नका, घरी ठेवा आणि जाऊन विचारा. सारखा सर्दी-ताप येत असेल तर डॉक्टरांना दाखवाच, शिवाय वर्गात ओल आहे का ते बघा आणि दप्तरात कपड्यांचे दोन जोड, टॉवेल प्लास्टिकच्या पिशवीत द्या, कारण पावसात एक जोड दुपारपर्यंत काही सुकत नाही. जागा बदलायचीच ठरली तर दिवाळीच्या सुट्टीत बदला, पण फी परत मिळते का हे मात्र अॅडमिशन घेतानाच विचारलेलं असू द्या.